पर्वतांचा वर्तमानकाळ : ‘नित्य’ या संकल्पनेची एक व्याकरणनिष्ठ चिकित्सा

१

काळाचे स्वरूप काय, आणि ज्यास आरंभच नाही असे काही आहे किंवा नाही, हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या अधिकारातील आहेत, व्याकरणाच्या अभ्यासकाने त्यांत हात घालू नये, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. हा संकेत सर्वस्वी निराधार आहे असे नाही. शब्दांच्या रूपांवरून विश्वाचे रूप ठरविण्याचा मोह भाषाभ्यासकास पडतो आणि त्यातून पुष्कळ निरर्थक लेखन झालेले आहे. तथापि हा प्रश्न विचारावयाचा तर तो कोणत्या तरी वाक्यातच विचारावा लागतो. त्या वाक्यास क्रियापद लागते आणि क्रियापदास काळ लागतो. ‘काहीतरी सदैव होतेच काय?’ असे आपण विचारतो तेव्हा ‘होते’ या पदाने उत्तराचा काही भाग आधीच गृहीत धरला जातो. तो कोणता, एवढे पाहणे तरी व्याकरणाच्या कक्षेत निश्चित येते.

या लेखास निमित्त झाले ते वर्गातील एका प्रश्नाचे. महाभाष्यातील वर्तमानकाळविषयक विवेचन शिकवीत असता एका विद्यार्थिनीने विचारले की, पर्वत जर नेहमीचेच उभे असतील, तर ‘पर्वत उभे आहेत’ या वाक्यातील ‘आहेत’ हा शब्द आपल्याला नवीन काय सांगतो? भाष्यकारांनी दिलेले उत्तर मी तिला सांगितले. ते तिला पटले नाही. आणि घरी येऊन विचार करिता मलाही ते जेवढे सरळ वाटत होते तेवढे सरळ वाटेना. त्या उत्तराची, आणि भर्तृहरीने त्यास दिलेल्या तात्त्विक रूपाची, चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील १२३ व्या सूत्राने वर्तमान अर्थी ‘लट्’ या लकाराचे विधान केले आहे. सूत्र अगदी लहान. पण त्यावर कात्यायनाने शंका उपस्थित केल्या आणि पतंजलीने त्यांचा विस्तार केला. पहिली शंका अशी : आरंभ झाला आहे पण शेवट झालेला नाही, आणि मधून मधून जी थांबते, अशा क्रियेस वर्तमान कसे म्हणावे? ‘आम्ही येथे अध्ययन करितो’ असे म्हणणारा विद्यार्थी ते म्हणत असताना अध्ययन करीत नसतो; कदाचित तो त्या वेळी जेवत असेल. याच संदर्भात पुष्यमित्राकडून आपण यज्ञ करवीत आहो, असे उदाहरण भाष्यात येते. पतंजलीचे उत्तर मोठे मार्मिक आहे. ज्या ‘जेवतो’ या क्रियापदाविषयी कोणासही शंका नाही, तेथे तरी काय होते? जेवणारा मनुष्य मध्येच हसतो, बोलतो, पाणी पितो. तेथे वर्तमानकाळ योग्य असेल, तर येथेही तो योग्यच.

पुष्यमित्राच्या या उदाहरणाचे महत्त्व आधुनिक अभ्यासकांस वेगळ्याच कारणाने वाटले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या उदाहरणातील वर्तमानकाळाचा आधार घेऊन पतंजलीस इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ठेविले. यज्ञ चालू आहे, म्हणजे यजमान राजा हयात आहे, म्हणजे हे लिहिणारा त्याचा समकालीन आहे, असा तो युक्तिवाद. व्याकरणातील उदाहरणांस इतिहासाचा पुरावा मानावे की नाही, याविषयी पुढे मतभेद झाले. परंतु त्या युक्तिवादाचा एक धडा येथे उपयोगी आहे. ‘पुष्यमित्राकडून यज्ञ करवितो’ या वाक्यावरून काळ काढता येतो. निदान काढण्याचा प्रयत्न तरी करता येतो. त्याच प्रकरणात थोडे पुढे आलेल्या ‘पर्वत उभे आहेत, नद्या वाहतात’ या वाक्यांवरून मात्र कोणासही कसलाही काळ काढता येणार नाही. दोन्ही वाक्यांत लकार एकच आहे. मग एक वाक्य कालगणनेचा पुरावा होऊ शकते आणि दुसरे होऊ शकत नाही, याचे कारण काय?

३

कात्यायनाची दुसरी शंका नेमकी हीच आहे. जी क्रिया नित्य चालू आहे, तिच्यात कालविभागच नाही. आणि जेथे भूत व भविष्य नाहीत तेथे वर्तमान तरी कोठून येणार? वर्तमान हा शब्द सापेक्ष आहे. ज्यास ‘काल’ नाही आणि ‘उद्या’ नाही, त्यास ‘आज’ असणे शक्य नाही.

कात्यायनच उत्तर देतो की कालविभाग तेथेही आहेत. आणि ते कोणते, हे पतंजली स्पष्ट करितो. पर्वत उभे आहेत, पर्वत उभे राहतील, पर्वत उभे होते, असे तिन्ही प्रयोग लोकांत होतात. ते कसे होतात? भूतकालीन, वर्तमान आणि भावी राजांच्या ज्या क्रिया, त्या पर्वतांच्या उभे असण्याचा आधार होतात. अमुक राजा राज्य करीत होता तेव्हा पर्वत उभे होते. आज जो राजा आहे त्याच्या कारकिर्दीत ते उभे आहेत. जे पुढे होतील त्यांच्या काळी ते उभे राहतील. पर्वतास स्वतःचा काळ नाही. तो राजांकडून उसना घेतलेला आहे.

हे उत्तर वरवर वाचले तर वैयाकरणाची एक युक्ती वाटते. माझ्या मते ते त्याहून अधिक आहे. नित्य वस्तूविषयी काळाची भाषा बोलावयाची, तर अनित्य वस्तूंची साक्ष काढल्यावाचून गत्यंतर नाही, असा त्याचा अर्थ होतो. ‘सदैव’ हे विशेषण ज्यास लावावयाचे, त्या वस्तूकडे पाहून ते लावता येत नाही; तिच्या भोवताली जे येते आणि जाते त्याकडे पाहूनच लावता येते. पुष्यमित्राच्या वाक्यावरून काळ निघतो, कारण पुष्यमित्र हा स्वतःच त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एक आहे.

याच सूत्रावरील भाष्यात उलट टोकाचे मतही नोंदविलेले आहे. काहींच्या मते वर्तमानकाळ मुळी नाहीच. चाक फिरत नाही, बाण फेकला जात नाही, नद्या समुद्राकडे वाहत नाहीत. न्यायसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकातही, झाडावरून पडणाऱ्या फळाच्या निमित्ताने हाच पूर्वपक्ष येतो : जेवढे अंतर फळाने कापले तो भूत, जेवढे राहिले तो भविष्य, मध्ये तिसरे काही उरतच नाही. नैयायिकाचे उत्तर असे की, वर्तमान नाकारला तर भूत आणि भविष्य यांचेही ज्ञान होणार नाही. म्हणजे वर्तमानाचे अस्तित्व दोन दिशांनी संकटात येते. क्षणभंगुर क्रियेत त्यास जागा अपुरी पडते. नित्य क्रियेत ती इतकी अमर्याद होते की ‘वर्तमान’ या शब्दास काही अर्थ उरत नाही. पतंजलीचे राजे या दुसऱ्या संकटावरील उपाय आहेत.

४

येथे ‘नित्य’ या शब्दाकडे वळले पाहिजे. शब्द, अर्थ आणि त्यांचा संबंध हे सिद्ध आहेत, अशा आशयाच्या कात्यायनाच्या विधानाने महाभाष्याच्या पहिल्या आह्निकातील चर्चेस चालना मिळते. ‘सिद्ध’ म्हणजे नित्य, असे सांगून पतंजली विचारतो की, मग वार्तिककाराने सरळ ‘नित्य’ हाच शब्द का वापरला नाही? त्याच्या उत्तराचा एक भाग असा की, ‘नित्य’ हा शब्द केवळ अविचल वस्तूंसच लागतो असे नाही. जो पुनःपुन्हा हसतो त्यास नित्य हसणारा म्हणतात, जो सारखा बडबडतो त्यास नित्य बडबडणारा म्हणतात. म्हणजे ‘नित्य’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात : न बदलणे आणि न थांबणे. हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूरचे आहेत. जो न बदलता राहतो तो काहीच करीत नाही. जो न थांबता करितो तो क्षणोक्षणी बदलत असतो.

मराठीने यांतील दुसरा अर्थ अधिक जवळ केला. नित्यनेम, नित्यपाठ, नित्यकर्म, ‘नित्याची कटकट’ या प्रयोगांत अविचलतेचा मागमूस नाही. आहे ती पुनरावृत्ती. उलट अविचलतेसाठी आपण ‘कायम’ हा शब्द घेतला. तो मूळचा अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ ‘उभा असलेला’ असा आहे. संस्कृतातील ‘कूटस्थ’, ‘स्थिर’, ‘स्थायी’ हे शब्दही ‘स्था’ या धातूचेच. दोन भिन्न भाषाकुलांनी शाश्वतता सांगण्यासाठी उभे राहण्याचीच प्रतिमा निवडावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पण उभे राहणे ही प्रतिमा अर्थपूर्ण होण्यास कोणीतरी चालत असावे लागते. सर्वच उभे असतील तर उभे असण्यात विशेष ते काय?

पतंजलीस हा भेद स्पष्ट जाणवला होता. नित्याचे लक्षण करिताना जे ध्रुव, कूटस्थ, वृद्धिक्षयरहित, तेच तेवढे नित्य असा आग्रह तो धरीत नाही. ज्यात मूळ तत्त्व नाहीसे होत नाही तेही नित्यच, असे तो म्हणतो. सोन्याच्या गोळ्याचा एक दागिना होतो, तो मोडून दुसरा होतो, पुन्हा गोळा होतो. आकार जातात, सोने राहते. योगसूत्राच्या चौथ्या पादावरील व्यासभाष्यात हाच भेद दोन नावांनी येतो : पुरुषाची कूटस्थनित्यता आणि गुणांची परिणामिनित्यता. यांपैकी दुसरीला आपण सोयीसाठी प्रवाहनित्यता म्हणू. ‘काहीतरी सदैव होते काय?’ हा प्रश्न एक दिसतो, पण त्याचे दोन प्रश्न होतात. बदलांची ही मालिका कोठून तरी सुरू झाली काय, हा एक. आणि या मालिकेच्या बाहेर उभे असलेले काही आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कसेही आले तरी दुसरा तसाच राहतो. आपल्याकडील लेखनात ‘अनादि’, ‘सनातन’, ‘नित्य’ हे शब्द एकाच दमात उच्चारले जातात, आणि एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याच्या उत्तरासाठी वापरला जातो. हा दोष केवळ शैलीचा नाही, विचाराचा आहे.

५

भर्तृहरीच्या वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडात चौदा समुद्देश आहेत. त्यांतील नववा कालसमुद्देश. काळ ही शब्दब्रह्माची स्वातंत्र्यशक्ती आहे, हा त्याचा प्रसिद्ध सिद्धान्त. या विश्वयंत्राचा तो सूत्रधार आहे. त्याची दोन कार्ये : प्रतिबंध आणि अभ्यनुज्ञा. काही गोष्टींना तो अडवून धरितो, काहींना वाट मोकळी करून देतो. म्हणून सर्व काही एकदम न घडता क्रमाने घडते. ग्रंथाच्या आरंभीच, आद्यंतरहित शब्दतत्त्वाचे वर्णन केल्यावर, जन्मादी सहा भावविकार या कालशक्तीवरच अवलंबून आहेत, असे त्याने सांगितले आहे. हे सहा विकार यास्काने निरुक्तात वार्ष्यायणीच्या नावे दिले आहेत. त्यांत ‘जन्मतो’ हा पहिला असून ‘आहे’ हा दुसरा आहे, हे विसरता कामा नये. या गणनेत असणे हा एक विकार आहे, आणि तो जन्मानंतर येतो.

पर्वतांच्या उदाहरणाचा भर्तृहरीनेही विचार केला आहे. पर्वतादिकांची स्थिती स्वतः अभिन्न असून इतरांच्या रूपाने ती भेद पावते, असे त्याचे मत. म्हणजे पतंजलीच्या राजांचे त्याने सामान्य तत्त्वात रूपांतर केले. हे त्याचे मोठे कार्य होय. परंतु येथेच त्याच्यापुढे एक अडचण उभी राहते, आणि तिची पुरेशी दखल घेतली जात नाही असे मला वाटते. पर्वताचा वर्तमानकाळ जर इतरांकडून येतो, तर शब्दब्रह्माचा कोणाकडून येतो? पर्वताशेजारी राजे आहेत. ब्रह्माशेजारी दुसरे कोणी नाही. ‘ब्रह्म अनादि आहे’ या वाक्यातील ‘आहे’, भर्तृहरीच्याच नियमाप्रमाणे, कोणाच्या तरी रूपाने भेद पावले पाहिजे. क्रम हे कालशक्तीचे कार्य असेल, तर त्या क्रमाच्या अलीकडे ‘आहे’ हे पद काळवाचक राहत नाही. मग ते काय सांगते?

भर्तृहरीच्या बाजूने असे म्हणता येईल की त्यास ही अडचण दिसली होती. काळास कोणी शक्ती मानतात, कोणी आत्मा, कोणी देवता, हे नोंदवून हे दर्शन अविद्येच्या अवस्थेतील आहे, विद्येत ते नाही, असे तो सांगतो. पण हे उत्तर अडचण सोडवीत नाही. ती जेथे विचारता येणार नाही अशा जागी नेऊन ठेविते. माझ्या मते येथे भाष्यकार अधिक सावध आहे. त्याने काळास शक्ती केले नाही की देवता केले नाही. एक स्थिर वस्तू आणि अनेक चल वस्तू एवढ्यावरच त्याचे विवेचन उभे आहे, आणि जेथे चल वस्तू नाहीत तेथे काय म्हणावे, याविषयी तो मौन पाळतो. ते मौन उणीव म्हणून वाचण्यापेक्षा मर्यादा म्हणून वाचावे, हे बरे.

ही मर्यादा ओलांडताना काय होते, ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९ व्या सूक्तात दिसते. तेथील कवी सत् आणि असत् दोन्ही नाकारतो, मृत्यू आणि अमरत्वही नाकारतो, रात्र आणि दिवस यांची खूण नाकारतो. परंतु ‘तेव्हा’ या अर्थाचे क्रियाविशेषण आणि भूतकाळी क्रियापद त्यास नाकारता आलेले नाही. जेव्हा दिवस आणि रात्र नव्हते, तेव्हा ‘तेव्हा’ कसे होते? कवीस याची जाणीव नसावी असे मला वाटत नाही. सूक्ताच्या अखेरीचा संशय या जाणिवेतूनच आला असावा. पश्चिमेकडे संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या भागात ही गाठ सरळ कापून टाकली : जगाबरोबरच काळ निर्माण झाला, म्हणून निर्मितीच्या पूर्वी ‘तेव्हा’ नव्हतेच. मात्र पुढे त्याने काळाचे माप मनाच्या विस्तारात शोधले. पतंजलीने ते राजांच्या क्रियांत, म्हणजे चारचौघांस दिसणाऱ्या घटनांत शोधले होते.

६

आता मराठीकडे पाहू. पतंजलीची दोन उदाहरणे संस्कृतात एकाच लकारात आहेत. मराठीत आणताना त्यांची फारकत होते. ‘डोंगर उभा आहे’, पण ‘नदी वाहते’. शिवाय मराठीत ‘आहे’ आणि ‘असतो’ असा भेद आहे. ‘घाटात धुके आहे’ म्हणजे आता आहे. ‘घाटात धुके असते’ म्हणजे पुनःपुन्हा येते. ‘सह्याद्री पश्चिमेस आहे’ हे वाक्य बरोबर. ‘सह्याद्री पश्चिमेस असतो’ म्हटले तर ऐकणारा हसेल, कारण त्यात डोंगर अधूनमधून दुसरीकडेही जात असावा असे सूचित होते. न बदलणे आणि न थांबणे हे ‘नित्य’ शब्दातील जे दोन अर्थ आपण पाहिले, त्यांची मराठी क्रियापदाने काही अंशी आपोआप विभागणी केली आहे.

इतिहास पाहता आणखी एक गोष्ट आढळते. ज्ञानेश्वरीच्या भाषेत, म्हणजे शके १२१२ च्या सुमारास, ‘करी’, ‘जाये’, ‘असे’ ही रूपे वर्तमानकाळाची होती. सर्वकाळी सत्य असलेली विधानेही त्यांतच होत. आजच्या मराठीत तशाच घडणीची ‘तो रोज येई’, ‘तेथे एक वड असे’ ही रूपे रीतिभूतकाळाची झाली आहेत. मोरो केशव दामले यांनी आपल्या शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) अशा रूपांस अर्थावरून नाव न देता ‘ई-आख्यात’ असे केवळ रूपावरून नाव दिले, ते किती विवेकाचे होते हे यावरून कळेल. जुन्या पोथीतील ‘असे’ म्हणजे ‘आहे’. नवख्या वाचकाच्या कानास मात्र ते ‘असायचे’ असे ऐकू येते. नित्याविषयीच्या विधानासाठी भाषेने जे रूप राखले होते, तेच रूप कालांतराने ‘पूर्वी असे, आता नाही’ असे सांगू लागले. नित्याचे वाचक रूप नित्य राहत नाही, हे अध्यात्मग्रंथांच्या प्रत्येक संपादकाने आणि अध्यापकाने ध्यानी ठेविले पाहिजे.

तसेच ‘आहे’ याचे भूतकालीन रूप मराठीत ‘असणे’ या धातूपासून होत नाही. ‘होता’ हे रूप ‘होणे’ या धातूचे. म्हणून ‘काहीतरी सदैव होते’ असे म्हणताना असण्याची गोष्ट आपण होण्याच्या धातूने सांगतो. यावरून मराठी माणसास शुद्ध सत्तेची कल्पनाच नाही असे अनुमान कोणी काढील, तर ते हास्यास्पद होईल. ज्ञानेश्वरांनी अनुभवामृतात सत्, चित्, आनंद या पदांची जी झडती घेतली आहे, ती याच भाषेत घेतली आहे. रूप विचारास बांधून ठेवीत नाही. परंतु बेसावध विचारास ते हळूच वाट चुकविते, एवढे मात्र खरे.

७

पतंजलीच्या उत्तरावर आजच्या वाचकाचा एक आक्षेप संभवतो. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तेव्हा राजा नव्हता, मनुष्यही नव्हता. मग त्या काळी पर्वत उभा ‘होता’ असे कशाच्या आधारे म्हणावे? माझ्या विद्यार्थिनीचा असंतोषही बहुधा येथेच होता. उत्तर असे की, राजे हे केवळ उदाहरण आहे. जे क्रमाने बदलते आणि ज्याची मोजदाद करता येते, असे काहीही राजांच्या जागी चालेल. भूवैज्ञानिक या खडकाचे वय ठरवितात ते इतर साधनांबरोबर त्यातील किरणोत्सर्गी पोटॅशियमचे अरगॉन वायूत किती रूपांतर झाले, हे मोजून. म्हणजे येथे राजे पर्वताच्या बाहेर नाहीत. ते त्याच्या पोटातच आहेत. ज्यास आपण उभा म्हणत होतो तो आतून चालतच होता. पतंजलीचा नियम यामुळे खोटा ठरत नाही. पर्वत हे कूटस्थाचे उदाहरण नव्हते, एवढेच ठरते. खरा कूटस्थ तो, ज्यात एवढाही बदल नाही. आणि त्याच्याविषयी ‘सदैव’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या बळावर वापरता येणार नाही.

विश्वाच्या उत्पत्तीविषयीच्या आधुनिक चर्चेसही हा विवेक लागू पडतो. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे, असे सांगितले की लगेच ‘त्यापूर्वी काय होते?’ असा प्रश्न येतो. मराठीत त्यास ‘महास्फोट’ या शब्दाने खतपाणी मिळते. स्फोट म्हटला की आधीच असलेल्या मोकळ्या अंगणात काहीतरी फुटले असे चित्र उभे राहते. त्या अंगणास आणि त्या आधीच्या शांततेस आपण काळ बहाल करून टाकितो. वैयाकरणांचा ‘स्फोट’ याहून अगदी वेगळा. ज्यापासून अर्थ प्रकट होतो तो. मूळ इंग्रजी नाव फ्रेड हॉईल यांनी १९४९ साली नभोवाणीवरील भाषणात वापरले, आणि गंमत अशी की तो सिद्धान्त त्यांना स्वतःस मान्य नव्हता. १९४८ साली त्यांनी, आणि बाँडी व गोल्ड यांनी, स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला होता. त्यात विश्वास आरंभ नाही : दीर्घिका दूर जातात, नवे द्रव्य सतत निर्माण होते, आणि एकूण रूप तेच राहते. या ‘स्थिर’ शब्दाने फसू नये. ही कूटस्थनित्यता नव्हे, प्रवाहनित्यता होय. सोन्याच्या दागिन्यांची जात, पर्वताची नव्हे. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांनी विश्वव्यापी सूक्ष्मतरंगांचे प्रारण शोधल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो सिद्धान्त सोडला. तरीही हॉईल, बर्बिज आणि पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी १९९३ साली त्याचे सुधारलेले रूप मांडले. त्यात विश्व आवर्तनांनी आकुंचन-प्रसरण पावत दीर्घकाळ वाढत जाते. ते रूपही बहुमान्य झाले नाही. २०२५ साली नारळीकर निवर्तले. आपला पक्ष अल्पमतात आहे हे ठाऊक असूनही तो पुराव्यांच्या भाषेतच मांडीत राहण्याची त्यांची वृत्ती आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगी आहे.

प्राचीन वैयाकरणांस हे विज्ञान ठाऊक होते, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. तसे म्हणणे त्यांचाही अपमान आणि विज्ञानाचाही. सांगावयाचे आहे ते इतकेच की, ज्योतिर्विदांचा वाद पहिल्या प्रश्नाविषयी आहे : बदलांच्या मालिकेस आरंभ आहे काय? त्याचा निर्णय निरीक्षणाने होईल. त्या निर्णयाने वेदान्ती आनंदित होण्याचे कारण नाही आणि नास्तिकाने खिन्न होण्याचेही नाही. कारण त्यांचा प्रश्न दुसरा आहे.

८

‘अनादि’ या शब्दाचा विग्रह केला तर ‘ज्यास आदि नाही ते’ एवढेच मिळते. त्यात निषेध आहे, लांबी नाही. आपण मात्र निषेधाची लांबी करितो : मागे मागे जात राहावे आणि कोठेही भिंत लागू नये, असा एक अखंड रस्ता कल्पितो, आणि त्यासच नित्यता समजतो. मालिकेविषयी बोलत असू तर ही कल्पना चालेल. तेथे ती खरी किंवा खोटी ठरू शकते. मालिकेबाहेरच्या वस्तूविषयी ती खोटीही ठरू शकत नाही, कारण तेथे रस्ताच नाही.

तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नास आता मी असे उत्तर देईन. ‘पर्वत उभे आहेत’ या वाक्यातील ‘आहेत’ हा शब्द पर्वताविषयी फारसे काही सांगत नाही. तो बोलणाऱ्याविषयी सांगतो. पर्वताच्या पायथ्याशी कोणीतरी आहे, त्याच्यापूर्वी कोणी होऊन गेले, त्याच्यानंतर कोणी येणार आहे, आणि त्या सर्वांच्या तुलनेने हा डोंगर हललेला नाही, एवढा मजकूर त्या एका पदात भरलेला आहे. जे खरोखर सदैव असेल, त्यास ‘सदैव’ म्हणावयास जे सदैव नाही अशा कोणाची तरी गरज लागते. ही गरज त्या वस्तूची नाही, आपली आहे. काळाच्या स्वरूपाविषयी व्याकरणाने याहून अधिक बोलू नये. आणि तत्त्वज्ञानाने बोलण्यापूर्वी एवढे ऐकून घेण्यास हरकत नसावी.